चारशे बावन्न

माझ्या वडिलांकडे रेडिओ ऐकण्याचा परवाना होता. बोलण्याचा नव्हे, ऐकण्याचा. आजच्या पोरांना थाप वाटते, पण एक काळ असा होता की घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन शुल्क भरावं लागे आणि परवान्याच्या पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यावं लागे. ती पुस्तिका मिरजेतल्या माझ्या दुकानात टेबलाच्या काचेखाली आहे. गिऱ्हाइकं ती बघून हसायची, मीही हसायचो. बोलणारा सापडतो, पण घरात बसून ऐकणारा सरकारला कसा सापडणार?

मी भूपाल मगदूम, रेडिओ मेकॅनिक. वय सदुसष्ट. मध्यम लहरींची शेवटची सरकारी केंद्रं पाच वर्षांपूर्वी बंद झाली तेव्हा लोकांनी मला विचारलं, आता काय करणार? मी म्हणालो, मिक्सर दुरुस्त करीन. केलेही. पण मिक्सर दुरुस्त करून कुणाला झोप चांगली लागते असं माझ्या ऐकिवात नाही.

विनापरवाना रेडिओची गोष्ट जुनी आहे. बेचाळीसच्या चळवळीत मुंबईत काही तरुणांनी गुप्त केंद्र चालवलं, जागा बदलत बदलत, जेमतेम तीन महिने. पुढं साठच्या दशकात युरोपातल्या काही हिकमती लोकांनी जहाजं हद्दीबाहेर समुद्रात नांगरली आणि तिथून किनाऱ्यावरच्या पोरांना गाणी ऐकवली. या सगळ्या कथांमध्ये पळतो तो बोलणारा आणि पकडला जातो तोही बोलणाराच. ऐकणाऱ्याचं नाव कुठंच येत नाही. मला वाटायचं, हीच रेडिओची खरी गंमत आहे.

शालनबाई पाटोळे माझ्या दुकानात आल्या त्या नव्या कायद्याच्या दुसऱ्या वर्षी. कायदा असा होता की नदीची पातळी जाहीर करण्याचा हक्क फक्त एका ठेकेदार कंपनीच्या अ‍ॅपला. बाकी कुणी आकडा सांगितला तर ती अफवा, आणि अफवेला शिक्षा. मागच्या एका पुरात खोट्या बातम्यांनी चेंगराचेंगरी झाली होती, त्यावरचा हा इलाज. कंपनी प्रत्येक आकड्याची तीन टेबलांवर खातरजमा करी आणि मगच लोकांना कळवी. त्यात पाऊण-एक तास जाई. कृष्णेला मात्र कुणाच्या टेबलाशी देणंघेणं नव्हतं.

शालनबाईंनी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं गेज रीडर म्हणून काढली होती. घाटावरच्या पट्टीवर पाणी किती चढलं ते वाचायचं आणि वर कळवायचं, हेच त्यांचं काम. त्यांचे यजमान अ‍ॅपवर ‘पातळी स्थिर’ वाचून म्हैस सोडायला नदीकाठच्या मळीत गेले आणि परत आले नाहीत. हे त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं आणि लगेच कामाचं बोलल्या.

"मगदूम अण्णा, मला पाणी वाचता येतंय. तुमी बोलायचं यंत्र तेवढं करून द्या."

मी करून दिलं. डबा लहान होता, पण मध्यम लहरींना एरियल लांबलचक लागते आणि ती लपवायची कुठं, हा प्रश्न होता. तो शालनबाईंनीच सोडवला. आमच्या भागात द्राक्षबागा आहेत, आणि प्रत्येक बागेत वेलींच्या आधाराला ओळीच्या ओळी लोखंडी तारा ओढलेल्या असतात. डबा स्कूटरवर घालायचा, एका बागेच्या तारेला जोडायचा, तीन मिनिटं बोलायचं आणि निघायचं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा. दर वेळी बाग वेगळी. वरच्या गावांतले त्यांचे जुने सहकारी फोनवर आकडे देत, आणि शालनबाई ते गावागावाच्या नावानं वाचून दाखवत. अमुक गावच्या घाटावर अडतीस फूट चार इंच, तमुक आळीनं आवराआवर सुरू करावी. गाणी नाहीत की नमस्कार-चमत्कार नाहीत.

मग लोकांनी माळ्यावरचे रेडिओ खाली काढले. त्यात झुरळं होती, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी होत्या. दोन पावसाळ्यांत नदीकाठच्या गावांतले दोनशे चौदा संच मी माझ्या हातानं दुरुस्त केले. आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. बायको गेल्यापासून तर नाहीच.

त्यातला एक संच डोहवाडीला, माझ्या थोरल्या बहिणीकडं होता. चंपाक्का. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. नदीला लागून असलेल्या खालच्या आळीत तिच्या दोन खोल्या आणि न्हाणी होती. ती सगळं ऐकायची आणि आळीच्या नावानं इशारा आला की दारात उभी राहून लाटण्यानं पितळी थाळी बडवायची. आळीतल्या निम्म्या घरांत रेडिओ नव्हता आणि त्यांना लागतही नव्हता. अक्काची थाळी वाजली की बायका पोरांना आणि शेरडांना घेऊन शाळेच्या टेकाडाकडं निघत. अक्काला चालायला वेळ लागे म्हणून ती थाळी वाजवत सगळ्यांच्या आधी निघे.

आता थोडं यंत्राविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

रेडिओ नुसता ऐकत नाही. आलेली लाट जशीच्या तशी वाढवणं अवघड, म्हणून संच स्वतःची एक बारीक लाट तयार करतो आणि दोन्ही एकमेकींत मिसळतो. या दोन लाटांतला फरक कायम ठेवायचा असतो, साधारण चारशे पंचावन्न किलोहर्ट्झ. शालनबाई बाराशेवर बोलत, तिथं लावलं तर संचाची स्वतःची लाट होते सोळाशे पंचावन्न. हा फरक ज्या डब्यांत ठरतो त्या बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात. त्यांच्या डोक्यावर एक पेच असतो, आणि तो प्लॅस्टिकच्या पेचकसानं केसभर फिरवून मेकॅनिक संच जुळवतो. पण संचाची ती स्वतःची लाट थोडीशी बाहेर गळते. म्हणजे ऐकणारा प्रत्येक जण, त्याला कळत नसलं तरी, हळू आवाजात कुजबुजत असतो.

पूर्वी ती कुजबुज टिपायला घरासमोर गाडी उभी करावी लागे, आणि एवढा उद्योग कोण करणार? पण आता घरोघरी विजेचा नवा मीटर आहे आणि त्यात बिनतारी चिप आहे. ती चिप आपला आकडा पाठवते तशी आजूबाजूचं ऐकूही शकते. एका मीटरचा कान तिखट नसतो, मोबाइलच्या चार्जरांचा आणि दिव्यांचा गोंगाट खूप असतो. पण एका तालुक्यातल्या लाखभर मीटरांचं ऐकलेलं एकत्र केलं, आणि नेमकं काय शोधायचं ते संगणकाला ठाऊक असलं, तर कुठल्या घरात रेडिओ चालू आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसतं.

हे मला माझ्या मुलीनं सांगितलं. त्रिशला पुण्यात अशाच मीटरांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. जूनमधल्या एका रविवारी ती न कळवता आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीही न पिता विचारलं, "अप्पा, तुम्ही अजून चारशे बावन्नवरच लावता?"

मला आधी कौतुकच वाटलं. लहानपणी ती माझ्या टेबलाशी स्टुलावर बसून तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली होती, तेव्हाचं तिच्या लक्षात होतं. सगळे मेकॅनिक पंचावन्नवर लावतात. माझ्या कानाला त्यात एक बारीक शिट्टी ऐकू येते. बावन्नवर आणलं की ती जाते आणि आवाज मऊ होतो. या गावात सतारी बनतात, चांगला कान म्हणजे काय ते इथं कुणाला शिकवावं लागत नाही. मी ऐटीत म्हणालो, सगळे बावन्नवर. एक संच वाकडा निघाला तर मिशी उतरवीन.

ती खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

मग तिनं सांगितलं. बोलणारी बाई सापडत नाही म्हणून ऐकणारे शोधायचं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. जुने संच ज्याच्या त्याच्या परीनं बिघडलेले असतात, कुणी एकोणपन्नासवर, कुणी साठवर. ते तसेच राहिले असते तर गोंगाटात विरून गेले असते. पण नदीकाठानं सोळाशे बावन्नच्या आसपास एक ढीग दिसत होता, सुबक, टोकदार. बाकीच्यांना तो काय आहे ते अजून कळलं नव्हतं. तिनं मात्र बघताक्षणी बापाचा हात ओळखला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एक तारखेपासून यंत्रणा सुरू होणार होती. ज्याच्या घरात ठिपका, त्याची वीज सहा महिने बंद आणि पूरछावणीच्या यादीतून नाव कमी.

मी म्हणालो, लोकांना सांगून टाकतो.

"काय सांगणार?" त्रिशला म्हणाली. "आकड्याचा अर्थ कळणारी माणसं आमच्याकडं तीन आहेत, अप्पा. त्यातली मिरजेची मी एकटी."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी काहीतरी समजूत घातली असती. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली.

मी शालनबाईंकडे गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, मुलीचं नाव तेवढं गाळून. पण त्यांनी ओळखलं असावं. त्या म्हणाल्या की बोलणं थांबवणार नाही, आणि लोकांना खरं कारण सांगा. वीज गेली तर जाईल, कंदील लावतील. कुणी ऐकायचं आणि कुणी नाही ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

"कारण सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"मग काय सांगणार अण्णा?"

काय सांगायचं ते माझं त्याच वेळी ठरलं होतं.

अठ्ठावीस जूनला संध्याकाळी सहाला, एका द्राक्षबागेत, मी पहिल्यांदा त्या माइकसमोर बोललो. शालनबाई आकडे वाचून बाजूला झाल्या आणि माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मी माझं नाव सांगितलं. त्यात धोका होता, पण नाव सांगितल्याशिवाय लोकांनी विश्वास ठेवला नसता. म्हणालो, मी दुरुस्त केलेल्या संचांमध्ये दोष निघाला आहे. आतला एक भाग तापतो, आग लागू शकते. आजपासून संच बंद ठेवा, वायर काढून ठेवा. मी गावोगाव येऊन प्रत्येक संच नीट करून देईन, तोवर कुणीही लावू नका. पंचेचाळीस वर्षांत माझ्या दुरुस्तीत खोट आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. ते मीच म्हटलं, आणि खोटं म्हटलं.

घरी पोचतो तोच अक्काचा फोन. तिला आगीचं काही वाटलं नव्हतं, तिला भावाच्या इज्जतीचं वाटत होतं. लोकांसमोर असं कशाला सांगितलंस म्हणाली, गपचूप दुरुस्त करायचं होतंस. मग म्हणाली, "बंद केलाय बग मी. तू सांगिटल्यावर काय. पर पाण्याचं कसं कळंल रं?"

"अ‍ॅप आहे की, अक्का. शेजारच्या पोरीला बघायला सांग."

"तू म्हनतोस तर हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मी संच बिघडवत फिरू लागलो. दुसरा शब्द नाही त्याला. प्रत्येक संच उघडायचा आणि पेच फिरवायचा, कुणाचा सत्तेचाळीसवर, कुणाचा त्रेसष्टवर, कुठलेही दोन सारखे राहू नयेत अशा बेतानं. प्रत्येकातून शिट्टी यायला लागे. दात आवळून मी झाकण लावी आणि सांगे, आता बिनधास्त लावा. लोक चहा देत, आणि काही जण म्हणत, आवाज पहिल्यासारखा राहिला नाही हो. मी म्हणे, सुरक्षा महत्त्वाची.

पंधरा दिवसांत एकसष्ट संच झाले. वरच्या गावांपासून सुरुवात केली होती. डोहवाडी शेवटी ठेवली, कारण तिथं अक्का होती. परक्याला ताटकळत ठेवणं बरं नाही, घरचं माणूस थांबेल, असा माझा हिशेब. गुरुवारी येतो म्हणून तिला कळवलं होतं. ती म्हणाली, ये, शेंगापोळ्या करून ठेवते.

मंगळवारी सकाळी मी वरच्या अंगाला एका पोलीसपाटलाच्या ओसरीवर संच उघडून बसलो होतो. पेच फिरवून झाला होता. जुळला का बघावं म्हणून लावला, तर शिट्टीमागून शालनबाईंचा आवाज आला. ती काही त्यांची वेळ नव्हती. नऊ वाजले होते. त्या आकडा सांगून थांबत होत्या आणि पुन्हा तोच आकडा सांगत होत्या. वरच्या धरणातून ठरल्याच्या दुप्पट पाणी सुटलं होतं. मग त्या म्हणाल्या, "डोहवाडीच्या खालच्या आळीनं आत्ता निघायचं. आवराआवर करायची न्हाई. चंपाक्का, थाळी वाजवा. चंपाक्का, थाळी वाजवा."

त्यांनी याआधी कधी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

मी अक्काला फोन लावला. लागला नाही, खालच्या टॉवरची वीज सकाळीच गेली होती. शेजारच्या पोरीला लावला, तोही नाही. पाटलांनी अ‍ॅप उघडून मला दाखवलं, त्यावर ‘पातळी स्थिर’ असंच होतं. ते पावणेदहाला बदललं. ओसरीवरचा संच बोलत होता, पाटलांच्या घरचे भराभर गाठोडी बांधत होते. तो संच मी वीस मिनिटांपूर्वी बेसूर केला होता आणि तो आता कुणालाही सापडणार नव्हता. मी मोटारसायकल काढली. डोहवाडीच्या अलीकडं दोन किलोमीटरवर रस्ताच दिसेना.

मी बेसूर केलेल्या एकसष्ट संचांच्या गावांतून एकही माणूस गेलं नाही. डोहवाडीच्या खालच्या आळीतली चार गेली. अक्का तिसऱ्या दिवशी सापडली.

त्रिशला आली, तेरा दिवस राहिली. आम्ही दोघं एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतं बोललो. ती काही म्हणाली असती तर मी म्हणालो असतो की तुझ्यासाठीच केलं, आणि ते ऐकून ती जन्मभर खचली असती. म्हणून मी गप्प राहिलो, आणि ती का गप्प राहिली ते मी विचारलं नाही.

मग खालच्या गावांतले लोक येऊ लागले. वरच्या गावांचे संच चालू होते आणि आमचेच बंद का ठेवायला लावले, हा त्यांचा प्रश्न होता. सरळ प्रश्न होता. आग खरंच लागत होती का, असं डोहवाडीच्या एका बाईनं विचारलं. तिची सासू गेली होती. तिनं तिचा संच दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी पायरीवर सात होते. महिनाभरात वरच्या गावांचे बेसूर संचही आले, शब्द न बोलता ठेवलेले. मगदूमच्या वस्तूचा भरवसा नाही, एवढंच सगळीकडं झालं, आणि ते चूक होतं असं मला म्हणता येत नाही.

अक्काचा संच तिच्या घरातल्या कोनाड्यात मिळाला. पाणी तिथवर गेलं होतं. तिनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवला होता. वायर नीट गुंडाळून तिला रबर लावलं होतं. बटण बंद होतं. घराला आग लागू नये म्हणून मी सांगितलं तेवढं सगळं तिनं केलं होतं. शेजारी भिंतीला थाळी टेकलेली होती आणि तिच्यात गाळ बसला होता.

मी तो संच दुकानात आणला, उन्हात वाळवला, स्पीकर बदलला. डब्यांवरच्या पेचांना हात लावला नाही.

शालनबाई अजून बोलतात. सात, एक आणि सहा. मी त्यांना सांगितलं की आता कुणीच ऐकत नाही. त्या म्हणाल्या की एकतीस वर्षं खात्यात असतानाही कुणी ऐकत नव्हतं, पट्टी वाचायची ती वाचायची.

आज सकाळी सातला मी अक्काचा संच लावला. शिट्टी नव्हती. आवाज मऊ आणि स्वच्छ आला. मिनिटभरात त्रिशलाचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, बहुतेक कचेरीच्या जिन्यात उभी होती.

"अप्पा, बंद करा तो. सगळ्या नदीकाठाला एकच ठिपका आहे आणि तो आपल्या दुकानावर आहे. सगळे बघतायत."

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्यांना सांग, बापाचा आहे म्हणून. आता लपवायचं काही नाही."

तिनं फोन ठेवला. मी वडिलांची पुस्तिका काचेखालून काढून टेबलावर ठेवली, येणाऱ्यांनी परवाना विचारला तर दाखवायला काहीतरी असावं म्हणून. शालनबाई वाचत होत्या. डोहवाडीच्या घाटावर एकोणीस फूट, पाणी उतरतंय, खालच्या आळीनं काळजी करू नये. ऐकणारा मी एकटाच होतो.